शाल-श्रीफळ नको, कुडा द्या!

(द्वितीय वर्ष, कला)

कारागिराचा सत्कार करणे आपल्याकडे फार सोपे झाले आहे. एक शाल, एक नारळ, एक प्रमाणपत्र आणि दोन भाषणे एवढे साहित्य जमले की संस्कृती वाचली, असे सर्वांना वाटू लागते. व्यासपीठावरचे पाहुणे लाकडी खेळणे हातात घेतात, उलटेसुलटे करून पाहतात आणि म्हणतात, "काय सुंदर काम आहे! ही कला जगली पाहिजे." टाळ्या पडतात. परंतु आजवरच्या एकाही समारंभात कोणी कारागिराला "हे लाकूड कोणते, आणि ते तुम्ही कुठून, कसे विकत आणता?" असे विचारलेले मी ऐकले नाही. माझ्या मते कलेचे जगणे-मरणे या एका प्रश्नावर अवलंबून आहे. तोच प्रश्न आपणा विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

मी कातार्‍याची मुलगी. शहरातल्या मैत्रिणींना हा शब्द समजावून सांगावा लागतो. सुतार लाकूड कापतो, तासतो, जोडतो. कातारी लाकूड फिरवतो, आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्याला गोल आकार देतो. 'कातीव खांब', 'कातीव बांधा' असे शब्द आपण मराठीच्या तासाला सहज लिहून जातो, त्यामागे कातार्‍याचा हात आहे. आमच्या आजोबांच्या काळी एकाने दोरी ओढायची आणि दुसर्‍याने पटाशी धरायची अशी रीत होती, आणि दोरी बहुधा आजीच्या हातात असे. आता अण्णांच्या लेथला विजेची मोटर आहे. लाटणी, रव्या, भोवरे, भातुकलीचा संसार, पाळण्यावरची पाखरे हा आमचा माल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे पुस्तकातले ज्ञान आणि लेथवरचे ज्ञान यांची तुलना मनात सतत चालू असते, आणि दुसर्‍याला आपण ज्ञान म्हणतच नाही याचे वाईट वाटते.

सर्व लाकडे कातता येतात, पण सर्व लाकडे कातण्याजोगी नसतात. साग हा लाकडांचा राजा खरा. दारे-खिडक्यांना त्याच्यासारखे लाकूड नाही. पण त्याची छिद्रे मोठी असतात, आणि बोटाएवढ्या बाहुलीवर लाख चढवायची तर ती छिद्रे डोळ्यांत येतात. बाभूळ चिवट आणि कठीण, लाटण्याला चांगली, नाजूक कामाला नाही. शिसव देखणे, पण वजनाला आणि किमतीला भारी. लहान मुलाच्या हातातले खेळणे त्या भावात कोण घेणार? हेदू, ज्याला कोणी हळदू म्हणतात, तो पिवळसर, बारीक पोताचा, कातायला उत्तम. त्याच्याविषयी पुढे लिहिते. या सर्वांत रंगीत लाखेच्या कामाला मनापासून साथ देणारे एक झाड आपल्याच डोंगरात उभे आहे, आणि लोक ते चुलीत घालतात. ते म्हणजे काळा कुडा.

वनस्पतिशास्त्रात याचे नाव राइटिया टिंक्टोरिया. 'टिंक्टोरिया' म्हणजे रंगार्‍याची. याच्या पानांपासून निळीसारखा रंग निघतो, म्हणून हे नाव. झाड लहान किंवा मध्यम, पानगळीच्या रानात वाढणारे, कुठेही खुडले तरी पांढरा चीक देणारे. उन्हाळ्यात पांढरी सुवासिक फुले येतात. शेंगा जोडीने लोंबतात आणि पिकेपर्यंत त्यांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात. ही शेंगांची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण नावाचा घोटाळा मोठा आहे. कुडाच्या मुळव्याध-अतिसाराच्या औषधांविषयी आपण जे ऐकतो तो पांढरा कुडा, म्हणजे संस्कृतातला कुटज, हे वेगळेच झाड. त्याच्या शेंगाही जोडीनेच येतात, पण सुट्या असतात. त्याचे बी ते कडू इंद्रजव, काळ्या कुड्याचे ते गोड इंद्रजव. शिवाय तांबडा कुडा म्हणून तिसरा भाऊ आहेच. आणि गंमत अशी की काळ्या कुड्याचे लाकूड काळे मुळीच नसते. ते हस्तिदंतासारखे पांढरे असते! नावावर विसंबून लाकूड मागणारा फसतो. पान, शेंग आणि कापलेले तोंड पाहून घेणारा फसत नाही.

या लाकडाचा गुण काय? त्याचा पोत इतका बारीक आणि सारखा की पटाशी कुठे अडत नाही. ढलपी लांब निघते. बारीक मान, पातळ कड, बाहुलीची टोपी असले काम उडत नाही. आणि मुख्य म्हणजे लाख. लाख हीसुद्धा रानाचीच देणगी. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे किडे ती देतात. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याचे पान दाबून ती सर्वत्र सारखी पसरवायची आणि चकाकी आणायची. ब्रश नाही, डबा नाही, वाट पाहणे नाही. लाकूड उघड्या छिद्रांचे असेल तर लाख आत जाते आणि वर डाग दिसतात. कुड्यावर ती काचेसारखी बसते.

पण हे सारे लाकूड नीट वाळले असेल तर. ओला कुडा कातायला लोण्यासारखा असतो, परंतु आज कातलेली ओली डबी महिन्याने झाकण घेत नाही. कारण लाकूड सुकताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच मध्यापासून सालीकडच्या दिशेने आकसते. या ओढाताणीतूनच ओंडक्याला मध्यापर्यंत चीर जाते. म्हणून जाड ओंडका असेल तर अण्णा तो आधी मध्यातून उभा फोडतात, म्हणजे ताण मोकळा होतो. साल काढायची, दोन्ही तोंडांना मेण किंवा शेणमातीचा लेप द्यायचा, आणि सावलीत, वारा खेळेल अशी मांडणी करून दोन-तीन महिने विसरून जायचे. साल न काढता पावसाळ्यात पडू दिले तर पांढरे लाकूड बुरशीने राखाडी होते आणि भुंगेरे पोखरतात. तोडणीचा महिना, फोडण्याची रेषा, वाळवण्याची जागा हे सर्व ज्याला कळते त्याला आपण 'अडाणी' म्हणतो, आणि ज्याला कळत नाही त्याला प्रमाणपत्र देतो!

आता खरेदीकडे वळते, कारण खरी गोम इथेच आहे. कुड्याला बाजारात इमारती लाकूड म्हणून भाव नाही. वखारीत विचारले तर "कुडा? जळाऊ घ्या, वजनावर" असे उत्तर मिळते. स्वस्त आहे म्हणून आनंद मानावा, तर हिशेब निराळाच निघतो. समजा, ताज्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ६० टक्के ओल आहे. मग १०० किलो घेतले तर त्यात लाकूड साडेबासष्ट किलो आणि पाणी साडेसदतीस किलो. ते वाळून १२ टक्के ओलीवर आले की काट्यावर ७० किलोच भरणार. म्हणजे ३० किलोंचे पैसे हवेत गेले. त्यात वाकडे, गाठाळ, चिरलेले काढून टाकले की कातायला किती उरले ते विचारू नये. जळाऊ लाकडाच्या राशीत सरळ ओंडका निवडून देण्याची सोय नसते. घ्यायचे तर सगळे घ्यायचे. चुलीला वाकडे-सरळ सारखेच, लेथला नाही.

घनफुटांनी घ्यायचे म्हटले तर दुसरी तर्‍हा. गोल ओंडका मोजण्याची आपल्या बाजारातली रीत अशी, की घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. २० इंच घेराचा, ६ फूट लांबीचा ओंडका घ्या. चौथा हिस्सा ५, वर्ग २५, गुणिले ६, भागिले १४४, उत्तर १.०४ घनफूट. खर्‍या गोलाचे घनफळ काढले तर ते १.३३ घनफूट येते. गिर्‍हाईकाला शेकडा २१ घनफळ फुकट मिळाले, असे वाटेल. पण ही सूट चौकोनी तुळई काढताना वाया जाणार्‍या लाकडापोटी आहे. सुताराचा तोटा तिथे धरला आहे. कातार्‍याचा तोटा निराळा. त्याला मधला भेंडासारखा भाग टाकावा लागतो, गाठी टाकाव्या लागतात, आणि उरलेल्यातली मोठी वाटणी लेथखाली ढलप्या होऊन पडते. हे गणित मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. आठवी शिकलेल्या अण्णांनी शिकवले, आणि तेही तोंडी.

मग सरकारी डेपो? तिथे लिलाव होतो. बल्लारशाच्या डेपोतला साग देशभर नावाजलेला आहे, पण लिलाव असतो तो थप्पीचा. व्यापारी ट्रकाच्या हिशेबाने बोली लावतो; महिन्याला चार-सहा मोळ्या लाकूड वापरणार्‍या कातार्‍याने तिथे हात वर करावा तरी कसा? आणि कुडा त्या थप्पीत वेगळा असतो कुठे?

कायद्याची बाजूही पाहू. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ सालचा. त्याच्या अनुसूचीतली झाडे खाजगी जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. साग, खैर, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांच्याबरोबर तिथे हळदूही आहे, आणि ते योग्यच आहे. काळा कुडा त्या यादीत नाही. पण तोडणे वेगळे आणि नेणे वेगळे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ४१ व्या कलमाने लाकडाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. हेतू चोरटी तोड थांबवण्याचा, म्हणजे चांगलाच. पण एका बाजूला ट्रकभर साग आणि दुसर्‍या बाजूला सायकलच्या कॅरिअरला बांधलेले पाच-सहा ओंडके यांना एकच तराजू लागला की काय होते ते मी पाहिले आहे. एका नाक्यावर अण्णांना अर्धा दिवस उभे केले गेले, कारण शेतकर्‍याच्या बांधावरचा कुडा हा रानातला नाही हे सिद्ध करणारा कागद कोणता, हे विचारणार्‍यालाही ठाऊक नव्हते आणि सांगणार्‍यालाही. तेव्हापासून अण्णा कुडा कमी आणतात आणि मिळेल ते लाकूड कातून त्यावर बाजारचा रंग देतात. कला मरते ती अशी, नाक्यावर आणि काट्यावर, एकेक ओंडक्याने.

ही केवळ आमच्या घरची रड नाही. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण आहे, तिथल्या खेळण्यांचे परंपरागत लाकूड हेच. आंध्र प्रदेशातल्या एटिकोप्पाका गावी त्यालाच अंकुडू म्हणतात. तिथे सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंगांची परंपरा पुन्हा उभी केली आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एटिकोप्पाकाच्या खेळण्यांना २०१७ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण अंकुडूची टंचाई तिथल्या कारागिरांनाही भेडसावते, आणि चन्नपट्टणचे कारागीर रबराचे व इतर लाकूड वापरू लागले आहेत. आपल्या सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफांची कला राजवाड्यात आसरा देऊन वाचवली, तिथली लाकडी फळे आणि खेळणी घराघरांत गेली. या सर्व उदाहरणांवरून मला एवढेच दिसते की मानांकन नावाचे रक्षण करते, पुरस्कार माणसाचा मान राखतो. झाडाचे रक्षण मात्र दोन्हींपैकी कोणी करीत नाही.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, त्यांना उत्तर देते.

पहिला आक्षेप निसर्गप्रेमी मित्रांचा. "झाडे तोडायला सांगतेस?" होय, सांगते, पण कोणती आणि कशी ते ऐकून घ्या. कुडा बुंध्यापासून कापला तर खुंटाला नवे धुमारे फुटतात. खेळण्यांना हाताच्या पंज्यात मावेल एवढा, फार तर मांडीएवढा जाड ओंडका पुरतो. शंभर वर्षांचे झाड आडवे करावे लागत नाही. ज्या झाडापासून चार पैसे मिळतात ते शेतकरी बांधावर राखतो. ज्याचे फक्त सरपण होते ते तो उपटून टाकतो. झाडाचा खरा शत्रू कातारी नव्हे, झाडाची बेकिंमत हा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी. "रबराचे लाकूड आहे ना!" आहे, आणि आम्हीही ते कधीमधी वापरतो. चिकाचे उत्पन्न संपलेली झाडे जाळण्यापेक्षा कातली तर चांगलेच. परंतु दारातले लाकूड चुलीत घालून परप्रांतातून लाकूड मागवायचे, त्यावर ट्रकभाडे द्यायचे आणि पुन्हा 'स्वदेशी खेळणी' म्हणून भाषण करायचे, यात कुठे तरी विसंगती आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठोर, आणि तो घरातूनच येतो. "धंदा बुडतोय तर बुडू दे, तू शिकतेस ना?" शिकते आहे. पण मी शिकले म्हणून अण्णांची विद्या संपली पाहिजे असा नियम कोणी केला? प्राध्यापकाच्या मुलाने प्राध्यापक व्हावे याचे आपल्याला कौतुक वाटते. कातार्‍याच्या मुलीने बी.ए. होऊनही लेथवर बसावे म्हटले की शिक्षण वाया गेले असे म्हणतात. या दोन मापांचा मला राग येतो.

मग करायचे काय? सरकारला अशक्य असे काही मी मागत नाही. २०१७ साली वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेरच्या बांबूला 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. म्हणजे इच्छा असेल तिथे वाट निघते. तशीच वाट कुड्यासाठी काढावी. शेतकर्‍याने बांधावर वाढवलेला कुडा नोंदणीकृत कारागिराला नेता येईल असा एक साधा, एकपानी कागद ठरवावा आणि तो नाक्यावरच्या माणसालाही शिकवावा. डेपोत कातकामाचे सरळ ओंडके वेगळे निवडून लहान वाट्यांत, ठरावीक भावाने विकावेत. लिलाव व्यापार्‍यांना लखलाभ. आणि जळाऊपेक्षा चार पैसे जास्त द्यायला कातारी तयार आहे, हे शेतकर्‍यापर्यंत पोचावे. आम्हाला फुकट नको, निवडून हवे.

आणि कॉलेजने काय करावे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून भारतीय ज्ञान प्रणाली आणि कौशल्य यांचे विषय आमच्या अभ्यासक्रमात आले आहेत. त्यांचे तास ग्रंथांपुरतेच का असावेत? घेराच्या चौथ्या हिश्शाचे गणित, लाकडाच्या ओलीचा हिशेब, तीन कुड्यांतला फरक, लाखेचा किडा आणि केवड्याचे पान, यात गणित आहे, वनस्पतिशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे. एखाद्या तासाला कातार्‍याला खुर्चीवर बसवा, आणि तो व्याख्याता म्हणून बसवा, सत्कारमूर्ती म्हणून नको. मानधनही व्याख्यात्याचेच द्या.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या मित्रांना माझी एक स्वतंत्र विनंती आहे. दर पावसाळ्यात आपण टेकडीवर रोपे लावतो आणि फोटो काढतो. पुष्कळदा ती गुलमोहराची असतात. झाड सुंदर खरे, पण ते मादागास्करचे. आपल्या कारागिराच्या ते फारसे उपयोगाचे नाही. या वर्षी शेंगा तडकण्यापूर्वी काळ्या कुड्याचे बी गोळा करू. बियांना कापसासारखा झुबका असतो, उशीर केला तर ते वार्‍यावर उडून जाते. टेकडीवर आणि जे शेतकरी हो म्हणतील त्यांच्या बांधावर ती रोपे लावू. ती कातायला येतील तेव्हा आपण या वर्गांत नसू, आपली मुले भोवरा मागण्याच्या वयाची झालेली असतील. त्यांच्या हाती प्लास्टिक द्यायचे की कुड्याचा, लाखेचा, गुणगुणत फिरणारा भोवरा, हे आजच्या पावसाळ्यात ठरणार आहे.